थोरला, मधला, धाकटा आणि तुमचा 'इतर'

(जमिनीच्या नोंदी आणि जुने कागद सांभाळणाऱ्या एका कार्यालयाच्या प्रमुखांना खुलं पत्र)

मा. कार्यालयप्रमुख यांस,
सविनय नमस्कार.

विषय : भिंतीवरची सूचना, एक स्वल्पविराम आणि आमच्या घरात नव्वद वर्षांनी अवतरलेली एक सवत.

महोदय, विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. आमच्याही घरात सगळे आधी हसलेच होते. पण त्या हसण्यापायी गेल्या ज्येष्ठात मी सहा वेळा आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या चढले आणि काम जिथं होतं तिथंच आहे. आपल्या कार्यालयाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. आपल्याला ते कळेलच. ज्यांना कळणार नाही त्यांच्याही तालुक्यात असं एखादं कार्यालय असेल. शिवाय खिडकीवर बसणाऱ्या पोराची नोकरी कंत्राटी आहे, त्याच्यावर गदा यावी अशी माझी अजिबात इच्छा नाही.

मी मिरजेत राहते. बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. ते घरातले थोरले, म्हणून वारसनोंदीचं आणि जुन्या कागदांचं सगळं काम माझ्या गळ्यात आलं. त्यात तक्रार काही नाही. थोरलेपण घेतलं की त्याच्या मागची खरकटीही काढावी लागतात.

आपल्या आवारात शिरल्या शिरल्या 'जेष्ठ नागरिकांसाठी' अशी पाटी आहे. इतकी वर्षं लाल पेन चालवल्यामुळे मला आधी त्यातला हरवलेला 'य' दिसला. पाटीखालच्या बाकावर प्रिंटरच्या कागदाचे खोके रचून ठेवलेत, ते नंतर दिसले. दोन्हीबद्दल मी काही बोलले नाही. उभी राहिले. रांगेत मागून कुणीतरी हळूच 'ही थेरडी आता तासभर खाणार' असं म्हटलं, तेही ऐकलं. म्हणणाऱ्याला ठाऊक नसणार की 'थेर' म्हणजे स्थविर, बौद्ध संघातला आदराचा शब्द. ज्येष्ठ भिक्षुणी ती थेरी. आपल्या भाषेनं त्याला एक 'डा' जोडला आणि शिवी करून टाकली. वयाच्या शब्दांचं हे असंच असतं, मान आणि अपमान एकाच उंबऱ्यावर बसलेले. असो. माझं भांडण रांगेशी नाही, भिंतीशी आहे.

तीन नंबरच्या खिडकीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, चिकटपट्टीनं एक कागद लावलाय. मी तो वहीत उतरवून घेतला : 'अर्जदारांनी नाते नमूद करताना थोरला, धाकटा, मधला, वडील बंधू असे बोलीभाषेतील शब्द वापरू नयेत. प्रणालीतील वरिष्ठ / कनिष्ठ हेच पर्याय निवडावेत. अन्यथा अर्ज स्वीकारला जाणार नाही.' खाली शिक्का आहे, सही आहे, तारीख नाही.

माझा अर्ज या कागदावर आपटून परत आला. मी लिहिलं होतं, 'मयताच्या थोरल्या मुलाची पत्नी'. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, थोरला चालत नाही. वरिष्ठ लिहा." मी विचारलं, "वरिष्ठ मुलगा? म्हणजे त्याच्या हाताखाली दुसरे मुलगे कामाला होते का?" तो बिचारा हसला आणि त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. 'नाते' या रकान्याखाली तीन पर्याय उघडले : वरिष्ठ पुत्र, कनिष्ठ पुत्र, इतर.

माझ्या सासऱ्यांना तीन मुलगे. थोरले माझे यजमान. धाकटे पुण्याला असतात. मधले दीर सत्तरीचे आहेत, एसटीत चालक होते, कोकणात उतरणारे घाट रात्री-अपरात्री उतरलेला माणूस. ते माझ्याबरोबर आले होते. पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, म्हंजे मी इतर?"

महोदय, हे पत्र त्या वाक्यामुळं लिहिलंय. बाकीचं सगळं मी सोसलं असतं.

आता तक्रारी सांगते.

पहिली 'बोलीभाषेतील' या शब्दाबद्दल. थोरला हा शब्द बोलीतला, म्हणून कागदावर नको, असं आपलं म्हणणं. ज्या मिरजेत बसून मी हे लिहितेय त्या मिरजेच्या संस्थानाचं नावच मुळी 'थोरली पाती' होतं. पटवर्धनांच्या घरात वाद झाला, 1801 साली चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेहून निघून सांगलीला गेले आणि सांगली वेगळी झाली. मग 1820 साली उरलेल्या मिरजेच्याही चार वाटण्या झाल्या. त्यातल्या दोन पुढं 1842 आणि 1845 मध्ये मुलगा नाही म्हणून इंग्रजांकडं गेल्या. राहिल्या दोन : मिरज थोरली पाती आणि मिरज धाकटी पाती. धाकटीची गादी इथून हाकेवर, बुधगावला. कुरुंदवाडचंही तसंच, तिथंही थोरली आणि धाकटी. तिकडं माळव्यात पवारांच्या देवासचंही तसंच. पाती म्हणजे वाटणी. इंग्रजांनी त्याचं 'सीनियर' आणि 'ज्युनियर' केलं आणि आपल्या संगणकानं बहुधा तिथूनच उलटं मराठी केलंय.

या शब्दांनी दरबार चालले, तोफांच्या सलाम्या ठरल्या, तह झाले, गादीवर कोण बसणार ते ठरलं. 1948 साली संस्थानं विलीन होईपर्यंत 'थोरली पाती' हे शब्द सरकारी कागदाच्या डोक्यावर होते. त्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आपल्याच मागच्या खोलीत आहेत. पुढच्या खिडकीवर मात्र त्या शब्दाला बंदी.

दुसरी तक्रार 'वरिष्ठ'बद्दल. या शब्दाशी माझं वैर नाही. उलट नोकरीभर तो माझ्या पगारपत्रकावर होता. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या एक बाई माझ्या एक दिवस आधी रुजू झाल्या होत्या. सेवाज्येष्ठता यादीत त्यांचं नाव माझ्या वर. मुख्याध्यापकपद त्यांना मिळालं, मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काम केलं आणि 'मॅडम' म्हणाले. ते बरोबरच होतं. कचेरीतला क्रम रुजू झाल्याच्या तारखेनं लागतो, बदली झाली की बदलतो, निवृत्त झालं की संपतो. वरिष्ठ लिपिक उद्या अधीक्षक होईल. पण थोरला मुलगा बढती मिळून आणखी थोरला होत नाही. राजीनामाही देऊ शकत नाही.

आता यातली खरी गंमत सांगते, कारण आपल्या पडद्याला नेमकी तीच कळलेली नाही. थोरला म्हणजे वयानं मोठा, इतकंच असतं तर एखाद्या वेळी वरिष्ठ चालूनही गेलं असतं. पण तसंही नाही. मी 1979 साली या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते. दोन वर्षांनी मधली जाऊ आली. ती माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी. तरी पहिल्या दिवशी तीच माझ्या पाया पडली आणि मला ताई म्हणाली, आजही म्हणते. मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "वयाला नव्हं पडत ती, जागेला पडती." अक्षरशत्रू बाई होत्या. बेंदराला, बैलांच्या सणाला, थोरल्या घरचा बैल आधी निघतो. तो बैल वयानं मोठा आहे का, असं कुणी विचारत नाही.

इतिहासात बघा. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. घरात तर ते थोरलेही नव्हते. नानासाहेबांचे थोरले विश्वासराव, ते पानिपतावर पडले. मग माधवराव थोरले कसे झाले? 1774 साली घराण्यात दुसरा माधवराव जन्मला, सवाई, म्हणून. माणूस मेल्यावर दोन वर्षांनी थोरला झाला. साताऱ्याच्या गादीवर पुढं दुसरे शाहू आले, म्हणून आधीचे ते थोरले शाहू. तिथं 'थोरले' म्हणजे 'पहिले'. बाजीरावांचंही तेच, चाळिशी गाठण्याआधी गेलेले थोरले आणि ब्रह्मावर्ताला म्हातारे होऊन वारलेले दुसरे. 'वरिष्ठ बाजीराव' असं लिहून बघा बरं. शनिवारवाड्यात हेडक्लार्क होते असं वाटतं.

समर्थ रामदासांच्या थोरल्या भावाला, गंगाधरपंतांना, संप्रदायात 'श्रेष्ठ' म्हणतात. सज्जनगड ज्यांच्यामुळं सज्जनगड झाला ते समर्थ, पण घरात श्रेष्ठ दुसरेच. या नावात कुणाला काही खटकलं नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायची गरजच पडू नये. मुख्यमंत्री झालेल्या वसंतरावांना आपण काय म्हणत आलो? दादा. राजाराम पाटलांना बापू. राज्याचे गृहमंत्री झालेले आर. आर. पाटील शेवटपर्यंत आबा. पलीकडं साताऱ्यात भाऊराव पाटलांनी हजारो पोरं शिकवली, ती पोरं त्यांना कर्मवीर नंतर म्हणाली, आधी अण्णा म्हणाली. अण्णा, आप्पा, आक्का हे असले शब्द सीमेपलीकडच्या कानडीतही तसेच आहेत. एवढ्या मोठ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना इथल्या लोकांनी घरातल्या वयाच्या शब्दांनी मान दिला. आपण उलटं करताय. घरातल्या माणसांना खुर्चीचे शब्द चिकटवताय.

तिसरी तक्रार सगळ्यात जड आहे. ती स्वल्पविरामाची.

आमचा एक कागद आहे 1934 सालचा, मोडीतला, डोक्यावर 'संस्थान मिरज, थोरली पाती'. माझ्या आजेसासऱ्यांनी लिहून दिलेला. ते दोघं भाऊ, आजेसासरे धाकटे. कागदात त्यांनी म्हटलंय की घरचा कारभार माझे वडील बंधू पाहतात, सबब जमीन त्यांचे नावे लावण्यास माझी हरकत नाही, परंतु निम्मा हिस्सा माझा आहे. पुढं सातबाऱ्यावर थोरल्यांचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून लागलं. एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ही तीन अक्षरं ठाऊक आहेत. थोरल्याचं नाव वर, बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत. ती अक्षरं पुन्हा लिहिताना गळाली की भाऊ गळाले, अशी घरं आमच्या शिवारात एक नाही, चार दाखवीन.

आपल्या कार्यालयानं जुन्या कागदांचं लिप्यंतर करून संगणकावर चढवायचं काम बाहेर दिलं. चांगलं केलंत, कागदांना वाळवी लागली होती. त्या लिप्यंतरात आमचं वाक्य असं उमटलं : 'घरचा कारभार माझे वडील, बंधू पाहतात.'

एक स्वल्पविराम. टंकणाऱ्याला वडील म्हणजे बाप एवढंच ठाऊक. 'वडील बंधू' ही दोन माणसं असणार असं समजून त्यानं मध्ये टिंब-शेपूट ठेवलं. मग वंशावळ तयार करताना दुसऱ्या कुणी तरी हिशेब जुळवला. कारभार पाहणारे ते वडील, जमीन ज्यांच्या नावे तेही वडील. आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ त्यांचे बाप झाले. खरे बाप वंशावळीतून नाहीसे झाले. त्यांच्या नावावर मळ्याकडचा जो तुकडा आहे त्याचा आमच्याशी संबंध काय, असं आता आपलं कार्यालय आम्हालाच विचारतंय. आणि ते थोरले तर निपुत्रिक होते, हे गावाला माहीत आहे.

मला मोडी येतं. फार नाही, पण घरचे कागद वाचण्यापुरतं सासऱ्यांनीच शिकवलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही. आणि स्वल्पविराम तर नाहीच नाही, ही चिन्हं मराठीत इंग्रजी अमदानीत, कोशकार मेजर कँडींच्या वेळी रुळली आणि छापखान्यातून पसरली. तेव्हा मूळ कागदात जे असूच शकत नाही ते नकलेत आलं कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मी तिसऱ्या खेपेला विचारला. उत्तर मिळालं, "संगणकावर जे आहे ते ग्राह्य."

वडील हा शब्द मुळात मोठा, आधीचा या अर्थाचा. बाप हा त्याचा एक अर्थ, आता तो पुढं बसलाय इतकंच. वाडवडील, वडीलधारी, वडीलकी यांत बाप कुठं आहे? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही वयानं मोठा हा अर्थ दिलेला आहे. पाटलांच्या भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या जे कज्जे चालले ते 'वडीलपणा'चे : होळीचा मान कुणाचा, पानविडा आधी कुणाला, कागदावर नाव वर कुणाचं. महजर, म्हणजे निवाड्यांचे जुने कागद, भरले आहेत अशा भांडणांनी. वतनं 1962 च्या कायद्यानं गेली, मान अजून चालू आहेत. आजही रोजच्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर 'आमचे वडील बंधू यांचे दुःखद निधन' असं छापून येतं. ते वाचून बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले असं कुणी समजत नाही.

कोश लांब राहिला. महोदय, आपल्याच अर्जाच्या सहाव्या रकान्यात छापलंय : 'मिळकत वडिलोपार्जित आहे काय?' आजा-पणज्याकडून आलेली जमीनही आपण तिथंच लिहायला सांगता. म्हणजे छापील अर्जाला वडील शब्दाचा जुना अर्थ कळतो, तो तपासणाऱ्या पडद्याला कळत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती सांगताना मलाच हसू आवरत नाही. त्याच कागदाच्या डोक्यावरची 'थोरली पाती' लिप्यंतरात 'थोरली पत्नी' झाली आहे. 'संस्थान मिरज, थोरली पत्नी'. पाचव्या खेपेला मला विचारण्यात आलं की थोरल्या पत्नीचे वारस कुठं आहेत आणि त्यांचं संमतिपत्र का जोडलं नाही. माझ्या आजेसासूबाई साध्वी बाई होत्या, त्यांना नव्वद वर्षांनी सवत आणलीत. मी म्हटलं, ती पत्नी नव्हे, राज्य आहे. खिडकीवरच्या मुलानं वर बघितलं आणि म्हणाला, "मग राज्याचं संमतिपत्र जोडा."

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढाच त्याचा दोष. मिरजेच्या मुलाला मिरजेच्या दोन पात्या माहीत नाहीत, यात माझ्यासारख्या मराठीच्या बाईंचाही वाटा आहे. आमच्या तासाला हे आलंच नाही कधी.

आपल्या एका सहकाऱ्यानं मला समजावलं. त्यांचा स्वर चांगला होता म्हणून त्यांचं म्हणणं इथं प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणाले, "बाई, आता थोरल्याला काही जास्त मिळत नाही. 1956 च्या कायद्यानं सगळी मुलं सारखी, 2005 पासून मुलींचाही जन्मतः हक्क. मग थोरला म्हटलं काय, वरिष्ठ म्हटलं काय, हिस्सा तोच." अगदी खरं आहे, आणि तेच चांगलं आहे. उलट मी आणखी एक कबूल करते. आमच्या घरात सगळ्यांत मोठी माझी नणंद, यजमानांच्याही आधीची, पण 'घरातलं थोरलं कोण' असं विचारलं की यजमानांचं नाव घेतलं जायचं. शब्द जुना आहे, त्याच्यात जुन्या खोडीही आहेत. आपल्या पडद्यावर मात्र नणंदेला 'इतर'मध्ये मधल्या दिरांच्या शेजारी जागा मिळाली, म्हणजे कायद्यानं दिलेली बरोबरी आपण अशी पार पाडलीत.

पण हिस्सा किती हे ठरवायच्या आधी, कोण कुणाचा कोण हे ठरावं लागतं. शंभर वर्षांच्या कागदात माणसांना आधारकार्ड नव्हतं, जन्मदाखले फारसे नव्हते. एकाच घरात आजाचं नाव नातवाला ठेवायचे, त्यामुळं एकाच नावाचे दोघं-तिघं. त्यांना एकमेकांपासून वेगळं करणारी खूण एकच होती : थोरला, मधला, धाकटा, वडील, पाठचा. ती खूण पुसून 'वरिष्ठ, कनिष्ठ, इतर' लिहिलं की पुढची पन्नास वर्षं कोर्टात तारखा पडणार. त्या तारखांना मी नसेन, माझा मुलगा असेल.

लग्नपत्रिका छापणारा माणूस यात आपल्यापेक्षा शहाणा आहे. त्याच्याकडं ज्येष्ठ चिरंजीव, द्वितीय चिरंजीव, तृतीय, कनिष्ठ असे सगळे छपाईचे खिळे तयार असत, आता संगणकावर असतात. पाच भावांचं घर आलं तरी तो कुणाला 'इतर चिरंजीव' करत नाही. केला तर मांडवात मारामारी होईल हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मागण्या अशा आहेत.

भिंतीवरची सूचना काढावी. अर्जदार ज्या शब्दानं नातं सांगतो तो शब्द जसाच्या तसा घ्यावा. प्रणालीला रकाना भरायचा असेल तर 'अपत्य क्रमांक' ठेवा : पहिलं, दुसरं, तिसरं, मुलगा असो की मुलगी. 'इतर' तिथून जावा. कुणाच्याही पोटचं पोर इतर नसतं.

लिप्यंतर केलेल्या प्रत्येक पानाशेजारी मूळ कागदाचं छायाचित्र दिसावं, आणि वाद झाला तर मूळ कागद ग्राह्य धरावा, नक्कल नव्हे. मोडी कागदाच्या नकलेत कुणीही स्वतःचं विरामचिन्ह घालू नये. शब्द कळला नाही तर कंसात प्रश्नचिन्ह टाकावं, अर्थ लावू नये.

टंकणाऱ्याची चूक दुरुस्त करायला अर्जदाराकडून प्रतिज्ञापत्र, मुद्रांक आणि दोन साक्षीदार मागू नयेत. स्वल्पविराम आम्ही घातलेला नाही. तो काढायचा खर्चही आमच्याकडं नको.

काम बाहेर दिलं असेल तर तपासणीला मोडी जाणणारा एक तरी इथला माणूस बसवावा. मोडीचे वर्ग होतात, शिकलेली तरुण मुलं आहेत, त्यांना मानधन द्या. तोवर नात्याच्या आणि वाटणीच्या जुन्या शब्दांची एक यादी मी करून देते. वडील, थोरला, धाकटा, पाती, तक्षीम, दत्तक, औरस, चुलता, आजा, पणजा, असे साठ-सत्तर शब्द होतील. फुकट देते. फक्त ती खिडकीच्या आत लावा, बाहेर नको. आम्हाला ते शब्द येतात.

आणि जाता जाता, बाकावरचे खोके हलवा. 'ज्येष्ठ'मधला य मी स्वतः रंगवून देईन, ब्रश घरी आहे.

या पत्राची एक प्रत आपल्या आवक विभागात दिली आहे आणि पोचवर शिक्का घेतला आहे. पुढच्या सोमवारी अकरा वाजता मूळ मोडी कागद घेऊन मी येते. मधले दीरही येणार आहेत. कागद नाजूक आहे, घडीवर फाटलाय, तेव्हा टेबलावर पंखा थेट येणार नाही असं बघावं, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेतली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : सुधारित अर्ज पत्रासोबत जोडला आहे. 'नाते' या रकान्यात मी पुन्हा 'थोरल्या मुलाची पत्नी' असंच लिहिलंय, शाईनं. मधल्या दिरांनीही त्यांच्या अर्जावर स्वतःच्या हातानं 'मधला' लिहिलं, आणि खाली सही करताना दोनदा अधोरेखित केलं.